ओरडू नका, नीट सांगा!

ऑफिसात रोज दिसणारी आणि रोज दुर्लक्षिली जाणारी गोष्ट कोणती? एचआरचा मेल? चूक. पॅन्ट्रीतली ‘आपला कप आपणच धुवा’ ही पाटी? जवळ आलात! पण आयटीतल्या कुणालाही विचारा, खरं उत्तर मिळेल : ब्राउझरच्या कन्सोलमधली ती पिवळी पट्टी. वॉर्निंग!

ज्यांचा कोडिंगशी संबंध फक्त ‘साइट चालत नाहीये’ एवढाच येतो, त्यांच्यासाठी थोडक्यात. कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडून एफ १२ दाबलं की एक खिडकी उघडते. पडद्यामागे काय चाललंय ते तिथं दिसतं. लाल रंगात एरर, पिवळ्या रंगात वॉर्निंग. एरर म्हणजे भर रस्त्यात बंद पडलेली एसटी. वॉर्निंग म्हणजे एसटीतला कंडक्टर. गाडी चालू असतानाच तो विचारतो, ‘‘मानवतला उतरायचंय ना? मग पुढं या, स्टॉप आला.’’ अजून काही बिघडलेलं नसतं. पण ऐकलं नाही तर पाथरीला उतरून उलटं यावं लागतं!

आता हिंजवडीत किंवा खराडीत बसणाऱ्या पोरांना या कंडक्टरची फार गरज पडत नाही. अडलं की खुर्ची गर्रकन फिरवायची आणि शेजारच्याला म्हणायचं, ‘‘ए, जरा बघ ना हे.’’ टीम लीड असतो, चहाच्या टपरीवरचं ज्ञानसत्र असतं. पण जरा परभणीला चला. वसमत रोडवरच्या एखाद्या भाड्याच्या खोलीत बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स झालेली एक मुलगी सेकंडहॅण्ड लॅपटॉपवर वेब डेव्हलपमेंट शिकतेय, अशी कल्पना करा. इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटचं. रात्रीचे साडेबारा. शेजारी सीनियर नाही, टीम लीड नाही. तिनं कोड लिहिला, पेज उघडलं आणि स्क्रीन कोरी! त्या वेळी तिला काय चुकलं ते सांगणारं जगात कोण आहे? फक्त तो मेसेज. तो नीट लिहिलेला असेल तर पाच मिनिटांत काम फत्ते. नसेल तर रात्र गेली, आणि ‘आपल्याला हे जमणारं नाही’ हा किडा डोक्यात शिरला तो वेगळाच. मेसेजमधल्या एका वाक्यावर कधीकधी एक करिअर लटकलेलं असतं, बॉस!

म्हणून आजचा विषय : चांगली वॉर्निंग कशी असते?

उदाहरण घेऊ वेब कम्पोनंट्सचं. घाबरू नका, कन्सेप्ट सोपी आहे. वेबपेज बनवताना बटण, चित्र, तक्ता असे तयार तुकडे ब्राउझर देतोच. वेब कम्पोनंट म्हणजे तुम्ही स्वतः बनवलेला तुकडा, त्याचं नावही तुम्हीच ठेवायचं. एकदा केला की कुठल्याही पेजवर वापरा. घरच्या मसाल्याच्या डब्यासारखं. एकदा भरला की आमटीलाही तोच आणि उसळीलाही तोच. २०२० पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत ही सोय आहे. बारशाचे नियम मात्र कडक. नाव रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरानं सुरू झालं पाहिजे आणि त्यात एक तरी हायफन हवाच. हायफन का? तर उद्या ब्राउझरनं स्वतःचा नवा तुकडा आणला, तर त्याच्या नावाशी तुमच्या नावाची टक्कर होऊ नये म्हणून.

समजा, आपल्या मुलीनं ‘हवामान-कार्ड’ नावाचा तुकडा केला. परभणीचं तापमान दाखवणारा. (खरं नाव अर्थातच रोमन लिपीत.) आणि पेजवर लिहिताना घाईत झालं ‘हवामन-कार्ड’. एक काना गेला. आता ब्राउझर काय करेल? ओरडेल? छे! काहीच करणार नाही. ‘असेल बाबा कुठलातरी तुकडा, येईल त्याची माहिती मागाहून’ असं समजून तो रिकामी जागा ठेवतो आणि पुढं जातो. कन्सोलही स्वच्छ. लाल नाही, पिवळं नाही. ब्राउझर हा असा अतिसहनशील प्राणी आहे. चुका पोटात घालायच्या, हा त्याचा स्वभावच. पाहणाऱ्याच्या सोयीसाठी ते छान आहे, पण बनवणाऱ्याचे हाल! कारण सगळ्यात वाईट मेसेज कोणता, तर जो येतच नाही तो.

त्याच्या खालोखाल वाईट म्हणजे येऊन न आल्यासारखा. जुन्या कॉम्प्युटरवरचा तो जगप्रसिद्ध मेसेज आठवतोय? ‘कीबोर्ड सापडला नाही. पुढे जाण्यासाठी एफ १ दाबा.’ अरे, कशानं दाबू? कपाळानं? किंवा हल्ली प्रत्येक अॅपमध्ये दिसणारं ते ‘समथिंग वेंट राँग’. काहीतरी चुकलं. हे म्हणजे डॉक्टरनं नाडी बघून ‘तुम्हाला काहीतरी झालंय’ सांगण्यासारखं. ते मलाही माहीत आहे हो, म्हणूनच तर आलो!

इथं फ्रेमवर्कचा रोल सुरू होतो. ब्राउझरनं न बोललेलं फ्रेमवर्कनं बोलायचं. व्ह्यू नावाच्या लोकप्रिय फ्रेमवर्कच्या तिसऱ्या आवृत्तीचं बघा. त्यात असा अनोळखी तुकडा वापरला की डेव्हलपमेंट करताना ते सांगतं, ‘या नावाचा कम्पोनंट सापडला नाही.’ सोबत तुम्ही लिहिलेलं ते नाव जसंच्या तसं. तिथंच निसटलेला काना डोळ्यांत भरतो. आणि पुढं : ‘हा जर ब्राउझरचा स्वतंत्र कस्टम एलिमेंट असेल, तर अमुक सेटिंगमध्ये तसं सांगून ठेवा.’ म्हणजे तुमचं चुकलं असेल तरी उत्तर हजर आणि तुमचं बरोबर असेल तरी उत्तर हजर!

आणखी एक मस्त नमुना म्हणजे लिट. गूगलमधून २०१३ मध्ये पॉलिमर नावाची लायब्ररी बाहेर आली, तिच्याच घराण्यातली ही धाकटी. वेब कम्पोनंट्स बनवायला सोपं करणारी. २०२१ मध्ये लिटची दुसरी मोठी आवृत्ती आली. तिचे दोन अवतार मिळतात. एक साइट बनवतानाचा, ज्याला डेव्ह मोड म्हणतात. तो बडबड्या. आणि दुसरा लोकांसमोर जाणारा. तो सडपातळ आणि गप्प. आपल्या आया काय करतात? पाहुणे यायच्या आधी स्वयंपाकघरात शंभर सूचना. ‘शर्ट बदल, पाय नीट पुस, काकांसमोर तंगड्या पसरून बसू नकोस.’ पाहुणे आले की चेहऱ्यावर गोड हसू, एक शब्द नाही. तोच फंडा! चुका घरात सांगायच्या, चारचौघांत नाही.

या बडबड्या मोडचं बोलणं मात्र ऐकण्यासारखं आहे. आपल्या हवामान-कार्डाकडं परत या. तापमान ३८ वरून ४१ वर गेलं, कोडमध्ये आकडा बदलला, पण स्क्रीनवर ३८च. रात्र खाणारा बग तो हाच. कुठं तक्रार नाही, फक्त पेज हलत नाही. लिटमध्ये हे बऱ्याचदा एका खास कारणानं होतं. बदलावर नजर ठेवणारी जी यंत्रणा लिट बसवतं, तिच्यावरच क्लासमधलं एक साधं डिक्लरेशन पांघरूण घालतं. पहारेकऱ्याच्या तोंडावर चादर टाकल्यासारखं. डेव्ह मोड काय सांगतो? ‘या एलिमेंटमधल्या पुढील प्रॉपर्टीज बदलल्या तरी अपेक्षेप्रमाणे अपडेट होणार नाही, कारण त्या क्लास फील्ड्स वापरून ठेवल्या आहेत.’ पुढं त्या प्रॉपर्टीजची नावं. आणि शेवटी एक लिंक, जिथं हा घोळ का होतो आणि कसा सोडवायचा ते सविस्तर लिहिलेलं.

दुसरा मेसेज बघा. एकदा चित्र रंगवून झालं की लगेच पुन्हा रंगवायला लावणारा कोड कुणी लिहिला, तर लिट म्हणतं, ‘अमुक एलिमेंटनं अपडेट पूर्ण झाल्यावर पुन्हा अपडेट मागितलं आहे, बहुधा एखादी प्रॉपर्टी सेट केल्यामुळे. यात वेळ वाया जातो, टाळा.’ आणि पुढं, ‘पहिल्या अपडेटचा परिणाम म्हणूनच दुसरं करणं भाग असेल तर गोष्ट वेगळी.’ बघितलंत? दटावणं नाही, अक्कल काढणं नाही. ‘तुझ्याकडं कारण असेलही’ एवढा मोठेपणा त्या वाक्यात आहे. शिवाय तीच वॉर्निंग एका पेजवर शंभरदा येत नाही, एकदाच येते. आणि ऐकून, समजून घेऊनही ती नको असेल, तर तेवढ्या एका प्रकाराला गप्प करायची सोय आहे.

म्हणजे चांगल्या वॉर्निंगचे चार प्रश्न झाले. काय झालं? कुठं झालं? का झालं? आता मी काय करू? चारही उत्तरं एका दमात मिळाली की वॉर्निंग पास!

आता तुम्हाला वाटेल, वा! काय ते गूगलवाले, काय ती त्यांची आयडिया. थांबा. हे चार प्रश्न आपल्या परभणीत रोजच्या व्यवहारात आहेत. लॅपटॉपवाल्यांनी फक्त उशिरा गिरवले.

परभणीचं कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये स्थापन झालं. २०१३ पासून त्याचं नाव वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ. ग्रामीण कृषी मौसम सेवेअंतर्गत तिथून मंगळवारी आणि शुक्रवारी कृषी हवामान सल्ला निघतो. तो कसा लिहिलेला असतो ते एकदा वाचाच. नुसतं ‘पेरणीची घाई करू नका’ असं म्हणून सोडून देत नाहीत. ‘७५ ते १०० मिलिमीटर पेरणीयोग्य पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका,’ असं आकड्यात सांगतात. का? कमी ओलीवर टाकलेलं बी उगवून वर आलं आणि पावसानं दडी मारली की कोंब करपतात. मग दुबार पेरणी. पुन्हा बियाणं, पुन्हा मजुरी, पुन्हा उधारी. एका वॉर्निंगची किंमत काय असते, हे गंगाखेड-पालमच्या कोरडवाहू शेतकऱ्याला विचारा. आपलं फार तर डिप्लॉयमेंट लांबतं. त्याचं वर्ष जातं.

कापसावरच्या गुलाबी बोंडअळीचंही तसंच. २०१७ मध्ये मराठवाडा-विदर्भात तिनं केलेली नासाडी अजून कुणी विसरलेलं नाही. शेतात कामगंध सापळे लावायचे आणि त्यात अडकलेले पतंग मोजायचे. एक पतंग दिसला म्हणून पंप पाठीवर घेऊन धावायचं नाही. सलग तीन रात्री एका सापळ्यात आठ पतंग दिसले, तर मात्र हलायचं. याला आर्थिक नुकसानीची पातळी म्हणतात. त्या पातळीखाली फवारणी केली तर औषधाचा खर्चच नुकसानीपेक्षा जास्त. वॉर्निंग कधी द्यायची याचं इतकं स्वच्छ उत्तर मला कुठल्याच कोडिंगच्या पुस्तकात दिसलेलं नाही.

हवामान खात्याचे चार रंग आठवा. हिरवा म्हणजे निवांत राहा. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे उठा, कामाला लागा. प्रत्येक रंगाला क्रियापद आहे! पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अॅप तर ‘कुठं’ या प्रश्नालाच हात घालतं. वीज मराठवाड्यात पडणार असं मोघम नाही, तुम्ही उभे आहात तिथून २० आणि ४० किलोमीटरच्या टप्प्यात. सोबत काय करायचं तेही : झाडाखाली थांबू नका, उघड्यावर राहू नका.

आणि वॉर्निंग फसली की काय होतं, तेही आपल्याच भागानं पाहिलंय. २०१७ च्या जुलैत शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यातले शेतकरी थेट पोलिसांत गेले, हवामान खात्याविरुद्ध तक्रार द्यायला. चांगल्या पावसाच्या अंदाजावर पेरणी केली आणि पाऊस गायब. अंदाज हा अंदाज असतो, हे शास्त्रज्ञांचं म्हणणं खरंच. पण एकदा विश्वास उडाला की पुढची खरी सूचनाही कानाआड होते, हेही तितकंच खरं. लांडगा आला रे आला!

तसंच त्या कन्सोलचं. एखाद्या जुन्या प्रोजेक्टचा कन्सोल उघडून बघा. शेकडो पिवळ्या ओळी. कुठल्यातरी लायब्ररीची कुरकुर, कुठलंतरी जुनं झालेलं फंक्शन, कुणीतरी टेस्टिंगसाठी लिहिलेलं ‘इथपर्यंत आलं’. नवीन जॉइन झालेला विचारतो, ‘‘हे काय आहे?’’ सीनियर म्हणतो, ‘‘ते असतंच रे, सोड.’’ बस्स, त्या ‘सोड’मध्येच सगळं संपलं. त्या शेकड्यात एक खरी बोंडअळी बसलेली असते आणि ती आता कुणालाच दिसणार नाही. २०२३ मध्ये देशभर फोनांवर सरकारी आपत्ती अलर्टची चाचणी झाली. खिशात एकदम भोंगा वाजला. आठवतंय? दचकून फोन बघितला तर ‘हा नमुना संदेश आहे, दुर्लक्ष करा.’ पहिल्यांदा सगळे दचकले. पण असा भोंगा रोज वाजला असता, तर खऱ्या पुराच्या दिवशी किती जणांनी फोन बघितला असता?

आता जरा टोचणारा मुद्दा. भाषा. परभणीच्या आपल्या मुलीला इंग्रजी येत नाही असं अजिबात नाही. पण रात्री साडेबाराला, डोकं शिणलेलं असताना, जोडवाक्यांच्या तीन मजल्यांचं इंग्रजी वाचणं आणि आपल्या भाषेत दोन ओळी वाचणं यात फरक पडतोच. लिटबरोबर बरेच जण टाइपस्क्रिप्ट वापरतात. मायक्रोसॉफ्टचं हे टाइपस्क्रिप्ट आपले मेसेज इंग्रजीशिवाय इतर बारा-तेरा रूपांत देऊ शकतं. जपानी, कोरियन, फ्रेंच, पोलिश, तुर्की... जर्मनसुद्धा. हिंदी नाही, मराठी नाही. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आपण मोठ्या टेचात म्हणतो ना? त्या यादीत जर्मनी आहे. परभणी नाही!

कोटी करून झाली, पण खंत खरी आहे. अशी भाषांतरं एका रात्रीत येणार नाहीत, आणि आली तरी ‘अपरिभाषित चल’ छापाची आली तर आगीतून फुफाट्यात. कृषी विद्यापीठाचा सल्ला लोकांना कळतो कारण तो ‘पेरणी’, ‘वापसा’, ‘निंदणी’ या शब्दांत बोलतो, डिक्शनरीतून उचललेल्या शब्दांत नाही. आपण निदान एवढं तर करू शकतो, की जे मेसेज आपल्या हातात आहेत ते माणसासारखे लिहू.

आणि हातात बरेच असतात. कंपनीत तुम्ही एखादा कम्पोनंट बनवता आणि दुसऱ्या टीमला वापरायला देता, तेव्हा त्यातले मेसेज तुम्हीच लिहिता. डेडलाइन डोक्यावर असते, मग लिहिलं जातं : ‘इनव्हॅलिड इनपुट.’ झालं! आता त्याऐवजी हे वाचा : ‘हवामान-कार्ड : “तालुका” रिकामा आहे, म्हणून तापमान दाखवता येत नाही. तालुक्याचं नाव द्या, उदा. सेलू किंवा जिंतूर.’ लिहायला दोन मिनिटं जास्त लागली. वाचणाऱ्याचे दोन तास वाचले. असे वाचणारे पन्नास असतील तर हिशेब तुम्हीच करा.

तर या आठवड्यात जमलं तर एवढं करून बघा.

आपल्या प्रोजेक्टचा डेव्ह मोड चालू आहे ना, ते आधी तपासा. लिटमध्ये तो काही टूल्स आपोआप देतात, काहींना ‘डेव्हलपमेंट’ असं मुद्दाम सांगावं लागतं. सांगितलं नाही तर गप्प अवतार मिळतो आणि तुम्हाला वाटतं, सगळं आलबेल!

मग कन्सोलमधल्या पिवळ्या ओळी मोजा. ज्या खऱ्या आहेत त्या सोडवा. ज्या समजून-उमजून नको आहेत त्या नावानिशी बंद करा. आकडा शून्यावर आणा आणि मग शून्यावरच ठेवा. म्हणजे उद्या एक जरी पिवळी ओळ आली तरी अख्ख्या टीमच्या डोळ्यांत खुपेल. हीच तुमची नुकसानीची पातळी.

आणि शेवटचं. तुम्ही स्वतः लिहिलेला एक मेसेज शोधून काढा आणि त्याला ते चार प्रश्न विचारा. काय, कुठं, का, आता काय करू? नापास झाला तर आजच नव्यानं लिहा. वाचणारा शेजारच्या क्युबिकलमध्ये असेल असं धरून लिहू नका. तो गंगाखेडला असेल, पूर्णेला असेल, तुम्ही ती नोकरी सोडल्यावर तीन वर्षांनी असेल. त्याच्याकडं तुमचा नंबर नसणार. तुमचं ते एक वाक्यच असणार.

लिहा तर मग. आणि हो, तो पॅन्ट्रीतला कपही धुवून ठेवा!